तान्ह्या पाठीतली धग

"मग आता खाली जाऊन शिष्य करू ना, माई?"

यशोधननं विचारलं तेव्हा तो कमरेपर्यंत उघडा होता. कुटीसमोरच्या बर्फावर मांडी घालून बसला होता. अंगावर काटाही नव्हता.

शरयूमाई दारात उभ्या राहून सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दोन स्वेटर घातले होते, वर घोंगडी होती, तरी नाक लाल झालं होतं.

"शिष्यांना काय शिकवशील?"

"आतला अग्नी पेटवायला."

"तो कुठं पेटतो?"

"नाभीत."

"हं..."

माईंनी एक खडा उचलून बाहेर टाकला.

यशोधन इचलकरंजीचा. तालमीत घडलेलं अंग, आवाजही खणखणीत. गढवालातल्या या कुटीत तो कित्येक हिवाळे राहिला होता. पहिल्या वर्षी थंडीनं त्याचे दात वाजायचे. हळूहळू ते थांबले. आता खालच्या गावातले लोक त्याला बघायला चढण चढून येत, पायांवर डोकं ठेवत. माईंकडे कुणी बघतही नसे. संन्यास घेण्याआधी त्या साताऱ्याकडे लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला थंडी वाजते, माई. मला नाही वाजत," यशोधन म्हणाला. "रागावू नका, पण शिष्यानं गुरूच्या पुढं जाऊ नये असं थोडंच आहे?"

"मुळीच नाही," माई म्हणाल्या.

तेवढ्यात खालून खेचराच्या गळ्यातली घंटा वाजली.

पूरन खेचरवाला वर येत होता. लगाम ओढत, धापा टाकत. खेचरावर त्याची बायको सुरजी आडवी पडली होती, पोट धरून. रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळला होता, दवाखान्याकडे जायची वाट बंद झाली होती. दिवस पुरे भरले नव्हते आणि कळा मात्र थांबत नव्हत्या.

"माई, हिला वाचवा..."

माईंनी सूप तिथंच ठेवलं.

सुरजीला आत घेतलं. यशोधन बाहेर बर्फात बसून राहिला. डोळे मिटून त्यानं श्वास रोखला. आतून किंकाळ्या येत होत्या. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा.

"यशोधन! आत ये!"

तो धावत आत गेला आणि उंबऱ्यातच थबकला. जमिनीवर रक्त होतं. एवढं रक्त त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सुरजी पांढरीफटक पडली होती. पूरन मागच्या खोपीत लाकडं आणायला गेला होता.

माईंनी पुसलेलं बाळ त्याच्या हातात दिलं. मुलगी होती. त्याच्या दोन तळव्यांत मावली.

"छातीशी धर. कातडीला कातडी लागू दे. सुरजीचं रक्त थांबत नाहीये, मला दोन्ही हात हवेत."

माई सुरजीचं पोट दाबून चोळू लागल्या.

यशोधननं मुलीला उघड्या छातीशी धरलं. मनातून तो सुखावला. इतक्या वर्षांची कमाई आज एका जिवाच्या कामी येणार होती. त्यानं खोल श्वास घेतला, नाभीवर मन लावलं.

मुलगी जोरात रडली. मग हळू रडली. मग गप्प झाली.

"शांत झाली, माई," तो म्हणाला. "बघा, थरथरतसुद्धा नाही."

माईंनी मान वळवून पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला.

"तिचे ओठ बघ!"

ओठ निळे पडले होते.

माईंनी रक्तानं भरलेला हात तसाच त्याच्या छातीवर ठेवला.

"बर्फ झालायस तू... ती तुझी ऊब घेत नाहीये. तिची ऊब तू घेतोयस!"

यशोधनला काही कळेना.

पूरन लाकडांचा भारा घेऊन आत आला. घामानं डबडबलेला.

"लाकडं टाक! कोट काढ, सदरा काढ!"

माईंनी यशोधनच्या हातातून मुलगी जवळजवळ हिसकावून घेतली, पूरनच्या केसाळ, घामट छातीवर ठेवली आणि वरून कोट, कोटावर आपली घोंगडी पांघरली. पूरनला त्यांनी चुलीपुढं बसवलं. मग पुन्हा सुरजीकडे वळल्या.

यशोधन तसाच उभा होता. हात अजून बाळ धरल्यासारखे.

बऱ्याच वेळानं सुरजीचं रक्त थांबलं. तिनं पाणी मागितलं. त्यानंतर कधीतरी पूरनच्या कोटातून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. पूरनही रडू लागला.

माईंनी यशोधनला जवळ बोलावलं. त्याचं बोट धरून मुलीच्या पावलाला लावलं. पाऊल अजून गार होतं. मग तेच बोट तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये टेकवलं.

त्यानं चटकन बोट मागं घेतलं.

"इथं... इथं ऊन लागतंय!"

"तान्ह्या बाळाला थरथरता येत नाही. म्हणून तिथं तपकिरी चरबी असते. आपल्या पोटावरची चरबी साठून राहते. ही जळते. हात हलवायला नाही, पाय हलवायला नाही... नुसती ऊब करायला जळते."

"आणि ती जळून संपली तर?"

वेळेआधी जन्मलेल्या त्या एवढ्याशा पाठीकडे माई पाहत राहिल्या.

"म्हणजे मघाशी, माझ्या छातीवर..."

"मघाशी ती दोघांसाठी जळत होती."

यशोधननं आपल्या छातीवर हात ठेवला.

"आणि मी? मी थरथरत नाही, ते काय आहे?"

"तुझ्यातही आहे थोडी. मानेत, गळ्याच्या हाडापाशी. थंडीत बसून बसून ती जागी झाली. आतलं काळीज ऊन ठेवते. कातडी गार पडली तर पडू देते."

"म्हणजे माझं तप..."

"चरबी."

चुलीत ओलं लाकूड चरचरत होतं.

मुलगी आईच्या कुशीत गेली, दूध ओढू लागली. सुरजीनं मान वळवून यशोधनकडे पाहिलं. जन्मल्या जन्मल्या आपल्या लेकीला या बाबांनी छातीशी धरलं, एवढंच तिला कळलं होतं. पडल्या पडल्या तिनं त्याच्या पायाशी हात नेला.

विंचू चावल्यासारखा त्यानं पाय मागं ओढला.

"नको... मला नको." तो माईंकडे वळला. "माई, मी हिची ऊब घेतली. जन्मल्या जन्मल्या. आता ती परत कशी देऊ?"

माईंनी बाळाकडे पाहिलं. दूध ओढता ओढता ते झोपी गेलं होतं.

"तिला आता नकोय," माई म्हणाल्या. "बाहेर पुष्कळ जणांना थंडी वाजते. त्यांना दे."