जुन्या तळावरचा स्वार

एकदा एका वृद्ध मोडीवाचक गुरुजींना समुद्रापलीकडून आमंत्रण आले. तिकडच्या एका थंड नगरातल्या ग्रंथालयात मराठी कागदांची काही बाडे कित्येक पिढ्या बांधून पडली होती. ती कोणाला वाचता येत नव्हती. तीन आठवडे येऊन या कागदांची सूची करून द्यावी, अशी ग्रंथालयाची विनंती होती. गुरुजींची दृष्टी मंदावली होती, म्हणून त्यांनी आपला शिष्य यदुनाथ याला बरोबर घेतले.

यदुनाथ हुशार होता. मोडीची वळणे त्याने दोन वर्षांत हस्तगत केली होती, आणि आपण हुशार आहोत हेही त्याला बऱ्यापैकी ठाऊक होते. मायबाप लहानपणीच गेल्यावर आत्याने त्याला वाढवले. ती गावी एकटी राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण यदुनाथचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता. साध्या फोनवर कोणत्या जागी कितीदा दाबायचे, ते ती न पाहता दाबत असे. दुसरा कोणताच नंबर तिला येत नव्हता.

निघण्यापूर्वी गुरुजींनी एक आग्रह धरला. आपल्या दोघांच्याही नंबरांवर परदेशात फोन येईल अशी सोय आधीच सुरू करून घ्यावी. यदुनाथने ती केली, परंतु मनातून त्याला ते म्हातारपणाचे भित्रेपण वाटले. तिकडे उतरल्यावर नवे सिमकार्ड घेतले की इंटरनेट मिळते, नकाशा मिळतो, सगळे जग हाताशी येते. मग जुन्या नंबराचे कशाला कौतुक?

परक्या विमानतळावर उतरताच तो तडक कार्डांच्या दुकानात गेला. दुकानदारीण हसतमुख होती. तिने भराभर नवे कार्ड काढले. अडचण इतकीच होती, की यदुनाथच्या फोनमधल्या दुसऱ्या खणात मेमरी कार्ड होते आणि जुन्या कागदांचे फोटो त्यातच साठवायचे होते. ते काढणे शक्य नव्हते. म्हणून त्याने गावचे कार्ड काढले आणि नवे बसवले. क्षणात फोन किणकिणू लागला. मित्रांचे निरोप आले, नकाशात निळा ठिपका उमटला, हवामानसुद्धा कळले. यदुनाथचा चेहरा उजळला.

"गुरुजी, जोडलो गेलो बघा सगळ्यांशी!"

गुरुजींनी हात पुढे केला.

"ते काढलेले कार्ड दे बरे इकडे."

"आता त्याचा काय उपयोग? पाकिटात ठेवतो."

"असू दे. दे."

मग त्यांनी आणखी एक विचित्र गोष्ट केली. नवे कार्ड ज्या प्लास्टिकच्या पट्टीतून मोडून काढले होते, ती रिकामी पट्टी दुकानदारीण कचऱ्यात टाकत होती. गुरुजींनी ती खुणेने मागून घेतली. तिच्यातली चौकट हळूच सुटी केली, यदुनाथचे इवलेसे कार्ड त्या चौकटीत बसवले आणि आपल्या जुन्या बटणांच्या फोनचे झाकण उघडून रिकाम्या दुसऱ्या खणात ते सरकवले. फोन सुरू झाला. गुरुजींनी तो कोटाच्या खिशात ठेवला आणि वर खिशाचे बटण लावले. दुकानदारीण कौतुकाने पाहत राहिली आणि यदुनाथ ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला.

त्याने तिथूनच नव्या नंबरावरून आत्याला दोनदा फोन केला. वाजला, पण तिने उचलला नाही. उचलणार कशी? फसवणुकीच्या फोनांचा सुळसुळाट झाल्यावर त्यानेच तिला बजावून ठेवले होते, की अनोळखी नंबर, त्यातही परदेशातला, कध्धी म्हणून उचलायचा नाही. ती आज्ञा ती निष्ठेने पाळत होती. यदुनाथला हे त्या क्षणी आठवले नाही. कामात असेल, नंतर बघू, असे म्हणून त्याने फोन खिशात टाकला. आपणही असेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. ग्रंथपालबाईंनी गुरुजींच्या डोळ्यांचा विचार करून खिडकीजवळचे उजेडाचे टेबल राखून ठेवले होते. गुरुजींनी तिथे दोन मिनिटे बसून खिशातला फोन पाहिला आणि ते उठले. भिंती हातभर जाड होत्या, तिथे फोनला रेंज नव्हती. फोन हातात धरून ते दालनभर फिरले आणि शेवटी दाराशेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. तिथे अंधार होता, आणि दार उघडले की गार वारा थेट पाठीवर येई.

"गुरुजी, इथे तुम्हाला अक्षर दिसणार नाही. शिवाय सर्दी होईल."

"अक्षर तू वाच. मी ऐकतो. बाईंना एवढे सांग, की या म्हाताऱ्याचा फोन वाजला तर क्षमा करा."

ग्रंथपालबाईंनी परवानगी दिली. यदुनाथला मात्र गुरुजींची लाज वाटली. ज्यांनी आयुष्यभर वाचनाच्या वेळी पान उलटल्याचाही आवाज सोसला नाही, त्यांनी फोनसाठी सवलत मागावी, हे त्याला उमगेना.

पाचव्या दिवशी एका बाडातून एक छोटे पत्र निघाले. कोण्या सरदाराच्या कारभाऱ्याने लिहिलेले. यदुनाथने वाचले:

"तळ हलविला. जुने जागी एक स्वार ठेविला असे. कोणी जासूद पत्र घेऊन आलियास त्यास नव्या तळाची वाट दाखवावी. तोंवर जागा सोडो नये."

पुढे दाण्यावैरणीचा मजकूर होता.

"हे किरकोळ आहे," यदुनाथ म्हणाला. "रिकाम्या माळावर एक माणूस आणि एक घोडा फुकट अडकवून ठेवला." सूचीत पत्राच्या महत्त्वाचा एक रकाना होता. त्यात त्याने लिहिले, 'विशेष काही नाही.'

गुरुजींनी मान वर केली. काही बोलावे असे त्यांना वाटले असावे, पण ते गप्प राहिले. शिकवायची प्रत्येक गोष्ट लगेच शिकवलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट नसे. आम्हा बोलघेवड्यांना हे साधत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, त्या निःशब्द दालनात गुरुजींच्या खिशातून कर्कश घंटा वाजली. सगळ्या माना वळल्या. खिशाचे बटण काही सुटेना. शेवटी ते तुटले. फोन काढून ते दाराबाहेर गेले आणि दुसऱ्याच क्षणी दार ढकलून त्यांनी हाक मारली, "यदुनाथ! धाव!"

फोनवर आत्याच्या शेजारच्या शेवंताकाकू होत्या.

"यदू, मी शेवंताकाकू रं. आम्ही तालुक्याला दवाखान्यात हाय. आत्याच्या पोटात काल सांजच्यापास्नं लई दुखतंय. डाक्टर म्हणत्यात, आतडं अडकलंय, आत्ताच्या आत्ता आपरेशन कराय पायजे. आन् ही बया ऐकंना! यदूला इचारल्याबिगर कागदावर आंगठा देणार न्हाई म्हणती. डाक्टर वरडाय लागल्यात, येळ न्हाई म्हून. तिनंच बटणं दाबली बघ, मला कुठं तुझा नंबर येतोय!"

"काकू, तिच्याकडे द्या. लवकर द्या."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आत्याचा आवाज आला, अगदी लहान झालेला.

"यदू, हायेस न्हवं तू?"

"आहे आत्या. मी आहे. ऐक, कागदावर अंगठा दे."

"पोट फाडत्यात रं. मी मेले तर तू लांब हायेस."

"तू मरत नाहीस. डॉक्टर सांगतात ते कर. मी इथे फोन धरून उभा आहे. तू बाहेर येईपर्यंत हलत नाही. दे अंगठा."

"तू म्हणतोस तर देते." मग ती बाजूला कोणाशी बोलली, "आणा वो तो कागूद. हाय माझा यदू."

फोन बंद झाला. यदुनाथ ग्रंथालयाच्या दगडी पायरीवर बसला आणि तो क्षुद्र, ओरखडे पडलेला फोन दोन्ही हातांत धरून रडला. गुरुजी शेजारी बसले. दोन तास ते दोघे तिथेच बसून होते. आत उजेडाचे टेबल रिकामे होते. ग्रंथपालबाई एकदा येऊन काही न विचारता चहा ठेवून गेल्या.

दोन तासांनी घंटा वाजली. शेवंताकाकू रडत आणि हसत बोलत होत्या. आत्या सुखरूप होती. अजून तासभर उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिले नसते, असे डॉक्टर म्हणाले होते.

फोन गुरुजींच्या हाती देत यदुनाथने विचारले, "गुरुजी, तुम्हाला हे कसे कळले होते?"

"मला काहीच कळले नव्हते," गुरुजी म्हणाले. "कळले असते तर तुला घरीच ठेवून आलो असतो. मला एवढेच माहीत होते, की तू तळ हलवला आहेस. नवे कार्ड घेतलेस ते योग्यच केलेस. परक्या गावात वाट दिसायला हवी. तुझे मित्र तुला कुठूनही शोधून काढतील, त्यांच्यापाशी दहा वाटा आहेत. पण तुझ्या आत्यापाशी एकच वाट आहे. ती बिचारी त्या वाटेने आली असती आणि तिला रिकामा माळ दिसला असता. म्हणून मी तिथे बसलो होतो. घोडा नव्हता, एवढेच."

यदुनाथने मान खाली घातली. दाराशेजारची ती अंधारी खुर्ची, पाठीवरचा वारा, दालनभर फोन धरून फिरणे, आठवडाभराची ती सगळी लाज त्याच्या स्वतःवर उलटली.

"तुम्ही मला विमानतळावरच का नाही सांगितलेत?"

"सांगितले असते तर तू माझा मान राखून ऐकले असतेस आणि कार्ड पाकिटातच ठेवले असतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी यदुनाथने फोनमधले मेमरी कार्ड काढून ग्रंथपालबाईंकडे दिले आणि फोटोंसाठी त्यांचा कॅमेरा मागून घेतला. रिकाम्या झालेल्या खणात गावचे कार्ड परत बसवले. गुरुजींच्या कोटाला त्याने स्वतः बटण शिवले. मग त्यांना हाताला धरून खिडकीजवळच्या टेबलाशी नेले, उजेडात बसवले, आणि स्वतः दाराशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

तिथे त्याने सूचीचे पान उघडले, 'विशेष काही नाही' हे शब्द खोडले आणि त्या रकान्यात लिहिले: 'स्वार जागेवर होता, म्हणून पत्र पोचले.'

परदेशी निघणाऱ्याने तिकडच्या कार्डाची चौकशी अवश्य करावी. परंतु आपला एकच नंबर ज्याच्या बोटांना पाठ आहे असे घरात कोण आहे, ते त्याआधी पाहावे.