चौकातल्या बाईचं सीरम

"...पण दोन्ही औषधं बरोबर असताना चेहरा आणखी काळा कसा पडतो, भंते?"

डॉ. विशाखा खोब्रागडे यांनी पर्समधून दोन वस्तू काढून चटईवर ठेवल्या. एक गडद काचेची छोटी बाटली. एक पांढरी ट्यूब.

भंते विमलबोधी भिंतीला टेकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी तीस वर्षं ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. विशाखाचे वडील त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय. त्यामुळे भंते तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत.

आता ती नागपुरातली नावाजलेली त्वचारोगतज्ज्ञ होती. तिच्याकडे नंबर लागायला महिना जायचा.

पवनीजवळच्या त्या विहारात ती दोन तास गाडी चालवून आली होती. मे महिना. भिक्खूंचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. अंगणात कडुनिंबाखाली पाचसहा उपासिका भांडी घासत होत्या.

"हे काय आहे?" भंतेंनी विचारलं.

"बाटलीत व्हिटॅमिन सीचं सीरम. ट्यूबमध्ये सनस्क्रीन. रोज सकाळी आधी सीरम, त्यावर सनस्क्रीन."

"कुणाचं?"

"माझ्या पेशंटचं. सुमित्रा उईके. ट्रॅफिक हवालदार आहे, चौकात उभी असते. दोन्ही गालांवर वांग."

विशाखा सांगू लागली.

आठ महिन्यांपूर्वी सुमित्रा पहिल्यांदा आली, तेव्हा गालांवर फिकट तपकिरी डाग होते. विशाखाने तिला छापील कागद दिला. काय, कधी, किती लावायचं, सगळं त्यावर होतं. दोन महिन्यांनी डाग गडद झाले. विशाखाने तोच कागद पुन्हा दिला आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या. डाग पसरले. मग तिने दहा टक्क्यांचं सीरम वीस टक्क्यांचं केलं, आणि सुमित्राचे गाल भाजल्यासारखे लाल होऊन सोलले.

"एप्रिलमध्ये तिच्या मुलीचं लग्न होतं," विशाखा म्हणाली. "ती फोटोला स्टेजवर गेलीच नाही. जेवणाच्या टेबलांमागे उभी राहिली, वाढप्यांमध्ये. मुलगी बोलवायला आली तरी नाही. हे मला तिच्या बहिणीनं सांगितलं."

"आणि मग?"

"गेल्या आठवड्यात हे दोन्ही माझ्या काउंटरवर ठेवून गेली. सोबत चिठ्ठी. 'मॅडम, तुमची चूक नाही. माझ्यानंच होत नाही.'"

भंतेंनी मान हलवली.

"तुमची चूक नाही, असं तिनं लिहिलं. तुला पटलं?"

"मला..." विशाखा थांबली. "चूक शोधतेय आणि सापडत नाही. पुण्याला परिषदेत मी याच विषयावर बोलले, सीरम आणि सनस्क्रीन एकत्र कसं वापरावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि माझ्याच पेशंटचा चेहरा..."

भंतेंनी बाटलीचं झाकण फिरवलं. एक थेंब तळहातावर घेतला. उजेडाकडे धरला, हुंगला.

थेंब चहाच्या रंगाचा होता.

"नवं असताना कसं दिसतं?"

"पाण्यासारखं." विशाखा पुढे वाकली. "हे तर खराब झालंय. उजेड लागला, उष्णता लागली की असं होतं."

"कुठे ठेवत होती?"

"थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, असं कागदावर लिहिलंय."

"कुठे ठेवत होती?"

"...माहीत नाही."

मग भंतेंनी ट्यूब उचलली. तळहातावर ठेवून हात थोडा वरखाली केला. औषधं मोजण्यात गेलेला हात तो.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

त्यांनी खाली ठेवलेली ट्यूब विशाखाने घेतली. दाबून पाहिली. ही ट्यूब तिने मार्चमध्ये दिली होती. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून रोज लावली असती, तर महिन्याच्या आत संपली असती. सात दिवस ती तिच्याच टेबलाच्या खणात पडून होती. तिने हातात घेऊन पाहिली नव्हती.

तिचा चेहरा लाल झाला. पण आवाजात सुटका होती.

"म्हणजे ती लावतच नव्हती. खोटं बोलत होती. मी दर वेळी विचारायचे, भंते. लावता ना? दर वेळी ती हो म्हणायची."

"काय विचारायचीस?"

"लावता ना?"

"यातला 'ना' कुणी लावला?"

...

बाहेर भांड्यांचा आवाज येत होता.

भंते भिंतीचा आधार घेत उठले. "चल."

"कुठे?"

ते अंगणात गेले. कडुनिंबाची सावली सोडून, फरशीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डोकं उघडं, नुकतं मुंडण केलेलं. विशाखा चपला घालून त्यांच्या मागे गेली. चपलांमधूनही फरशी पोळत होती.

"आता सांग. पुण्यात सांगितलंस ते."

"इथं?"

भंते वाट पाहत राहिले.

विशाखाने सुरुवात केली. सनस्क्रीन उन्हाला दारातच अडवतं, ती म्हणाली, पण सगळं अडत नाही. जे निसटून आत शिरतं, त्यानं होणारी नासधूस व्हिटॅमिन सी कमी करतं. म्हणून दोन्ही हवीत. नुसतं सीरम लावून उन्हात जाणं म्हणजे दार उघडं ठेवणं. ती छान बोलत होती. सवयीचं भाषण होतं. कडुनिंबाखालच्या बायकांचे हात थांबले.

मग घाम सुटला. केसांतून कपाळावर आला, भुवयांवरून डोळ्यांत उतरला. सकाळी लावलेलं सनस्क्रीन त्याबरोबर आलं आणि डोळे चुरचुरू लागले. वाक्य अर्धंच राहिलं.

"भंते, आत जाऊन बोलू या."

"तिची ड्युटी किती तासांची?"

"आठ... असेल. विचारलं नाही."

"आपल्याला किती झालं?"

विशाखाने घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं."

भंते हलले नाहीत.

"तुमचं डोकं तापतंय, भंते. या वयात असं उभं राहणं बरं नाही."

"तू सकाळी लावून निघालीस?"

"सातला."

"मग?"

"मग आता पुन्हा लावायला हवं. घाम आला की लगेच, नाहीतर दर दोन तासांनी."

"लाव."

विशाखाने पर्समधून स्वतःची ट्यूब काढली. दोन बोटांवर पांढरी रेघ ओढली. हात चेहऱ्याकडे नेला, तेवढ्यात कडुनिंबाखालून कुजबुज आली.

"मॅडम तं भर उन्हात पावडर लावून राहिल्या."

एक तरुण बाई पदरात तोंड लपवून हसली. दुसरीने तिला कोपर मारलं आणि तीही हसली.

विशाखाचा हात तिथेच थांबला. मग खाली आला. तिने रुमालाने बोटं पुसली आणि ट्यूबचं झाकण लावलं.

"का गं?"

"सगळ्या बघताहेत."

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं, आणि तिने हातातल्या ट्यूबकडे पाहिलं.

...

मग तिने त्या बायकांकडे पाहिलं. सहाच जणी होत्या. तिला ओळखतही नव्हत्या.

"भंते," ती हळू म्हणाली, "सुमित्राच्या चौकात चार रस्ते आहेत. सिग्नल लागला की पन्नास गाड्या तिच्यासमोर थांबतात. अंगावर वर्दी, हातात शिट्टी. आणि मी कागदावर लिहिलं, दर दोन तासांनी लावा."

"कागदावर चुकीचं काय होतं?"

"काहीच नाही."

"हो."

"म्हणजे चूक माझी नाही?"

भंतेंनी कपाळावरचा घाम पुसला.

"म्हणजे माझीच आहे?"

विशाखाचे डोळे चुरचुरत होते, की तिला रडू येत होतं, हे तिचं तिलाच समजेना. "मला स्पष्ट सांगा ना. मी इतक्या लांब आले. तिनं सीरम कुठं ठेवलं, ट्यूब का उघडली नाही, मी काय विचारायला हवं होतं... एक धरावं तर दुसरं हातातून जातं."

भंतेंनी तिच्या हातातल्या ट्यूबकडे पाहिलं, मग शेजारच्या कट्ट्याकडे. भिक्खू बाईच्या हातातून काही घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने ट्यूब कट्ट्यावर ठेवली.

भंतेंनी ती उचलली. दोन बोटांवर लांब पांढरी रेघ ओढली आणि भर अंगणात, सगळ्यांसमोर, ती आपल्या उघड्या डोक्यावर चोळायला लागले.

बायका हसल्या. या वेळी पदराआड नाही, मोठ्यानं. विशाखाही दचकली. भंते मात्र घाई न करता चोळत होते. आधी माथा. मग कानामागे. मग मान. जिथे नीट लागलं नाही, तिथे पुन्हा. कपाळावर एक पांढरा पट्टा राहून गेला, तो त्यांना दिसत नव्हता.

हसणं हळूहळू विरलं.

एक म्हातारी उपासिका राखेचे हात पदराला पुसत उठली. उन्हात आली. आयुष्यभर धान रोवताना रापलेला चेहरा.

"भंतेजी, हे काय होय?"

"औषध आहे. उन्हाचं."

म्हातारीने ट्यूबकडे पाहिलं, मग विशाखाकडे. आणि गाल पुढे केला.

"मले बी लावून दे, बाई. माहं तोंड तं जळूनच गेलं."

भंतेंनी ट्यूब परत कट्ट्यावर ठेवली. विशाखाने ती घेऊन म्हातारीच्या गालांना सनस्क्रीन लावलं. सावकाश, नाकाच्या बाजूला, डोळ्यांखाली. म्हातारी डोळे मिटून उभी होती. मग विशाखाने उरलेलं स्वतःच्या चेहऱ्याला लावलं. आरसा नव्हता. कुठे किती लागलं, तिला कळलं नाही.

झाडाखालच्या बायका बघतच होत्या. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने ती निघाली. भंते फाटकापर्यंत आले. गाडीचं दार उघडून ती तशीच उभी राहिली.

"उद्या सुमित्राकडे जाते," ती म्हणाली. "पण काय नेऊ? सीरम ताजं द्यायचं की आधी गालांची आग शमू द्यायची? सनस्क्रीन दुसरं बघू? की तिच्या साहेबांशीच बोलू? घरी जाऊन तिला काय म्हणू, तेही सुचत नाही. तुम्ही इतकं केलंत आणि मला आले तेव्हापेक्षा जास्त गोंधळल्यासारखं वाटतंय."

भंतेंनी डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. कपाळावरचा पांढरा पट्टा तसाच होता.

"दुपारी जा," ते म्हणाले. "चौकात."