दारोदार थांबणारं तट्टू

एका डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांची वस्ती होती आणि तिथल्या एका घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली अंगानं मजबूत. डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर तिसरी घेऊन नदीचा चढ चढायची, तरी तिला धाप लागत नसे. धाकटीच्या पायांतली ताकद मात्र वर्षावर्षाला कमी होत चालली होती. वैद्यबुवांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पोरी, हे दुखणं मागं फिरणारं नाही. आज पाय, उद्या कंबर, मग हात."

धाकटी पोटभर रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "मग घरात बसून कोणाची वाट बघू?" आणि काठी टेकत टेकत डोंगराचा माथा गाठून आली. काठीनं भागेना तेव्हा तिनं माहेरचं एक म्हातारं तट्टू मागून आणलं. त्या तट्टावरून तिनं घाट पाहिला, लांबच्या जत्रा पाहिल्या, समुद्रसुद्धा पाहिला. एकदा तर हात गळ्यात बांधून घरी आली, आणि कशी पडले ते सांगताना स्वतःच हसत सुटली.

ती परतली की संध्याकाळी तिच्या ओट्यावर अख्खी वस्ती जमायची. आत थोरली भाकऱ्या थापायची आणि बाहेर हशा पिकला की परातीत जोरात हात आपटायची. तिला ते बघवतच नसे. हिचे पाय लुळे तरी हिनं समुद्र पाहिला, आणि आपले पाय धड असून आपण पाहिलं काय, तर नदी आणि चूल! शेजारणींना ती सांगायची, "सगळी त्या तट्टाची करामत आहे, बायांनो. तसं जनावर मला मिळतं, तर मी कुठल्या कुठं जाऊन आले असते."

एका वर्षी धनगरांनी बातमी आणली, की खिंडीपलीकडच्या तळ्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरलेत, पण आज-उद्यात उडून जातील.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, बोटांतून लगाम निसटायला लागलाय माझ्या. पुढच्या साली हात राहतील असं वाटत नाही. मी उद्याच निघते."

"जा की," थोरली म्हणाली. पण मनात आलं, आता पक्ष्यांच्या गोष्टी ऐकायच्या! रात्रभर ती कूस बदलत राहिली. पहाटे धाकटी उठायच्या आत थोरलीनं तट्टू सोडलं, त्यावर बसली आणि निघाली. यंदा कोणाच्या ओट्यावर गाव जमतं ते बघूच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

वस्तीबाहेर तेलिणीचं घर लागलं. तिच्या दारात येताच तट्टू थांबलं. थोरलीनं टाच मारली, लगाम ओढला, चार शिव्या हासडल्या. तट्टू ढिम्म.

तेलीण पदराला हात पुसत बाहेर आली. "आलीस का गं? अगंबाई, तू होय! तुला काय हवंय?"

"मला काही नको. हे मेलं हलत नाही."

तेलीण हसू लागली. "कसं हलेल? धाकटीचा पाय रिकिबीतून सुटतो. ती इथं थांबते, हाक मारते. मी पाय नीट बसवते आणि याच्या पाठीवर थाप मारते. थाप पडल्याशिवाय ते नाही जायचं."

थोरलीनं स्वतः थाप मारून पाहिली, पण बसलेल्या माणसाची थाप तट्टू मोजेना. शेवटी मान खाली घालून ती पुटपुटली, "मग... तेवढा पाय बसवा माझा." धडधाकट पाय परक्या बाईच्या हातात देताना तिला धरणी दुभंगावी असं झालं.

पुढं गुरवाच्या दारात तेच. तिथं धाकटी पाणी मागायची, तेही दुसऱ्याच्या हातानं प्यायची. ओढ्यापाशी धनगरणीच्या झोपडीसमोर तट्टू पुन्हा थांबलं, तेव्हा थोरली रडकुंडीला आली होती.

"गेल्या साली इथंच पडली होती तुझी जाऊ," धनगरीण सांगू लागली. "कमरेएवढ्या चिखलात. आधी रडली, मग देवाला शिव्या घातल्या, मग म्हणाली, भाकरी असली तर दे बाई. लई गोड बोलती, पर मागताना तिचा चेहरा बघवत न्हाई. तुला कुठं जायचंय?"

"तळ्यावर."

"मंग तट्टू कशाला? ही खिंड वलांडली की तळं. तुला पाय हाईत की!"

थोरली तट्टावरून खाली उतरली. खरंच, एवढी वर्षं तिला कोणी अडवलं होतं? पाय होते, वाट होती. चार लोक काय म्हणतील या भीतीनं ती उंबऱ्याआड बसली आणि बोटं मोडत राहिली धाकटीच्या नावानं. खिंड समोर दिसत होती. आत्ता चढली असती तर पक्षी पाहून आली असती. पण घरी धाकटी ओट्यावर बसली असेल, आणि तिच्या बोटांत एवढं वर्षच उरलं होतं.

तिनं खिंडीकडे एकदा बघून घेतलं, लगाम हातात धरला आणि तट्टाला घेऊन जवळजवळ पळतच घरी आली.

धाकटी गाठोडं बांधून बसली होती. डोळे सुजलेले. "सकाळपासून तुम्हाला शिव्याच देतेय, जाऊबाई."

"दे. पण वाटेत दे. ऊठ लवकर."

थोरलीनं तिला उचलून तट्टावर बसवलं आणि लगाम धरून पुढं चालू लागली. प्रत्येक दारात तट्टू थांबलं. प्रत्येक दारात थोरलीनंच हाक मारली.

तळं दिसलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. निम्मे पक्षी दुपारीच उडून गेल्याचं तिथल्या गुराख्यानं सांगितलं. थोरलीचा चेहरा उतरला. उरलेले मात्र एकाएकी उठले आणि तळ्यावरचं आभाळ गुलाबी होऊन गेलं. दोघी बघतच राहिल्या.

मग थोरली म्हणाली, "खरं सांगू? मला अजून तुझा हेवा वाटतो."

"मला तुमचा रोज वाटतो," धाकटी म्हणाली. "तुम्ही घागर उचलून नदीला निघता ना, तेव्हा तर मी तोंड फिरवून बसते."

थोरलीनं विचारलं, "मग तुझं माझ्यासारखं कसं झालं नाही गं?"

"हेवा वाटला तरी मी निघते, जाऊबाई. तुम्ही निघतच नव्हता."

पुढच्या वर्षी धाकटीचे हात गेले. त्या वर्षी दोघी समुद्राला गेल्या.

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याच्या वाटेकडे बघून जळण्यापेक्षा आपल्या अंगात आज जेवढं बळ आहे तेवढं घेऊन आजच निघावं. आणि जिथं अडेल, तिथं न लाजता दारात हाक मारावी.