रिकामी घसरगुंडी आणि अडलेली रांग

"उद्यापासून साध्या रांगेतल्यांना वर सोडायचंच नाही..." एवढेच साळुंकीच्या कानावर पडले आणि पुढचे शब्द पानांच्या सळसळीत विरून गेले. बोलत होता कोल्हा, ऐकत होते माकड. साळुंकीला दुसऱ्यांचे बोलणे ऐकायची भारी हौस, पण ऐकलेले पोटात ठेवायची सवय अजिबात नाही. उरलेले वाक्य तिने मनानेच पुरे केले आणि अंधार पडायच्या आत अख्ख्या रानाला सांगून टाकले, की साधी रांग आता कायमची बंद.

ही रांग कसली, ते आधी सांगते, मुलांनो. त्या रानात एक ओढा गुळगुळीत खडकावरून खाली उतरत असे. वर बसायचे, सुर्रकन घसरायचे आणि खालच्या डोहात डुबुक. लहानमोठे सगळे रांगेने घसरत. मध्येच कुणाला जावे लागले तर त्याने आपल्या जागी एक दगड ठेवायचा आणि रांग सरकली की मागच्याने तो पायाने पुढे ढकलायचा, अशी तिथली रीत. एके दिवशी कोल्हा म्हणाला, गर्दी फार होते, मी लक्ष ठेवतो. कुणी हरकत घेतली नाही. मग त्याने करवंदीच्या जाळीमागून दुसरी वाट काढली आणि तिला नाव दिले 'झटपट रांग'. गालभर चारोळ्या द्या आणि सरळ वर जा. आता मला सांगा, पाणी डोंगराचे, खडक डोंगराचा, मग चारोळ्या कोल्ह्याला का म्हणून?

साळुंकीच्या शेजारच्या ढोलीत एक खार राहत असे. शेपटी झुबकेदार झाली की घसरगुंडीवर नेईन, असा शब्द तिने आपल्या पिलाला दिला होता, आणि आता शेपटी चांगली झुबकेदार झाली होती. साळुंकीचे बोलणे फारसे मनावर न घेता ती सकाळीच पिलाला घेऊन साध्या रांगेत उभी राहिली. ऊन चढले तरी रांग हलेना. पलीकडच्या वाटेने सशीणबाई आपल्या पिलांना घेऊन पुन्हा वर निघाल्या होत्या. जाताजाता म्हणाल्या, "आम्हाला बाई असं ताटकळणं जमत नाही. मुलांपेक्षा का चारोळ्या जास्त?"

खारीला ते लागले. पिलू हट्ट करत नव्हते, नुसते आईच्या शेपटीत तोंड खुपसून बसले होते, आणि तेच तिला बघवेना. शेवटी तिने आपल्या जागी दगड ठेवला, पिलाला मागच्या रानडुकराच्या हवाली केले आणि ती ढोलीकडे पळाली. तिथल्या चारोळ्या पावसाळ्यासाठी साठवलेल्या होत्या. झड लागली की बाहेर पडता येत नाही. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तर तिने झाडाची साल कुरतडून दिवस काढले होते. तरी तिने गाल भरले.

परत येऊन बघते तर तिचा दगड जिथल्या तिथे. तुम्ही ढकलला नाहीत का, असे तिने भरल्या गालांनीच रानडुकराला विचारले. तो म्हणाला, "रांग सरकली तर ढकलणार ना, बाई. इथं उभे आहेत तेच आता दगड झालेत."

खारीच्या मनात आले, एवढ्या वेळात इथून कुणीच वर गेले नाही, मग वर घसरतंय तरी कोण? ती जवळच्या जांभळीवर सरसर चढली. घसरगुंडी रिकामी होती. सशीणबाई केव्हाच घसरून खाली डोहात पोचल्या होत्या आणि खडकावरून नुसते पाणी वाहत होते. साध्या वाटेच्या वरच्या टोकाला एक ओंडका आडवा टाकलेला, त्यावर माकड बसून निवांत अंग खाजवत होते.

खार खाली उतरली ती तडक कोल्ह्यापुढे. गालातल्या चारोळ्या काढून तिने पिलाच्या हातात दिल्या, कारण भरल्या तोंडाने भांडता येत नाही. म्हणाली, "खडक रिकामा आहे. मग आम्ही थांबलोय कुणासाठी?"

कोल्हा गोड हसला. "नियम असतात, खारबाई. देऊन टाका की. पिलू बघा किती दमलंय."

"ते तुमच्यामुळं दमलंय. आधी तुम्ही त्याला दमवायचं, आणि त्याच्या दमण्याच्या चारोळ्या मी तुम्हालाच द्यायच्या?"

हे सगळ्या रांगेने ऐकले. रानडुकराने पुढे जाऊन ओंडक्याला नाक लावले. ओंडका गडगडत खडकावरून डोहात गेला आणि त्याच्याबरोबर माकडही. कोल्हा जाळीमागे दिसेनासा झाला. रांग भराभर सरकू लागली, आणि डोक्यावर ऊन यायच्या आत खारीचे पिलू शेपटी वर धरून सुर्रकन घसरले.

साळुंकीला मात्र चैन पडेना. ओल्याचिंब माकडाजवळ जाऊन तिने विचारले, की बाबा, काल कोल्हा तुला सांगत होता, त्या वाक्याचं पुढं काय होतं?

माकड म्हणाले, "दुपार होईपर्यंत. तोवर पोरं रडकुंडीला येतात आणि आया आपणहून देतात."

म्हणजे साळुंकीने सांगितलेले अर्धेच खरे निघाले. रांग अडवली होती, बंद मात्र केली नव्हती. पण ती बंद झाली असे समजून कितीतरी जण सकाळीच कोल्ह्याला चारोळ्या देऊन बसले होते.

तात्पर्य : रांग चुकवण्यासाठी काही देण्याआधी, ती अडवली कोणी, हे आपल्या डोळ्यांनी बघून यावे.