इनामदारांचा पहिला झोका

नागपंचमीला पोरींचा झोका आपल्याच चिंचेला बांधायचा, असा आबासाहेब इनामदारांचा हट्ट. झाडांची निगा राखायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या कुमुदताईंनी फांदीवरची अळंबी दाखवली. "फांदी आतून कुजलीय," त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी काठीनं अळंबी खरवडून टाकली. "घ्या, झालं झाड बरं!"

पोरींच्या आया ताईंच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"बरं तर," कुमुदताईंनी हात जोडले. "आमच्या कामात एक रीत आहे. झाड धड आहे असं जो सांगतो, पहिला झोका त्याचा. बसा, आबासाहेब."

आबासाहेबांनी फांदीकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "त्या आंब्याला बांधा," ते पुटपुटले. "तिथं सावली बरी."

आयांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी चिंचेची फांदी कडाडून कोसळली, तेव्हा आंब्याखालून आबासाहेबच ओरडले, "तरी मी सांगत होतो!"