दारावरचा हात

“बाबा, हात कधी काढणार?”

म्हातारे फकीर जमालबाबा तसेच उभे. उजवा तळहात गाडीच्या मागच्या दारावर, नजर जमिनीकडे.

“मी तुम्हालाच विचारतोय. गाडी सुटायची वेळ टळून गेली.”

विचारणारा सुहास वैराळे. हायवेच्या कडेला ते निळ्या पत्र्याचं मोठं गोदाम आहे ना, तिथून कोणता माल कधी, कुठं, कोणत्या गाडीनं जायचा हे बघणारा सुपरवायझर. माणूस हुशार, कामाला वाघ, पण भलताच तोऱ्यात. आपण सोडलेल्या गाडीत कधी चूक निघत नाही, हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की आम्हा रस्त्यावरच्या लोकांचंही पाठ झालं होतं.

दर गुरुवारी मात्र हाच माणूस जमालबाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या मठीत, येऊन चटईवर मांडी घालून बसायचा. बाबा, जिवाला स्वस्थता नाही, काहीतरी द्या, म्हणायचा. बाबा त्याला चहा द्यायचे. त्याला वाटायचं, म्हातारा आपल्याला टोलवतोय.

तकिया गोदामाच्या फाटकासमोरच. लांबच्या पल्ल्याची गाडी निघाली की तिथं थांबणार. बाबा मागच्या दारावर हात ठेवून विचारणार, “सगळे बाहेर?” ड्रायव्हर म्हणणार, “सगळे बाहेर.” मग हात निघायचा आणि गाडी सुटायची. ही रीत कोणी पाडली, देव जाणे. ड्रायव्हर लोक तर प्रश्न पुरता न ऐकताच उत्तर देऊन मोकळे व्हायचे.

त्या दिवशी ड्रायव्हर नवा होता. अंकुश नाव त्याचं. तो सरळ म्हणाला, “मला काय माहीत? मी आलो तेव्हा दार बंदच होतं.”

बाबांचा हात तिथंच राहिला.

वैशाखातली टळटळीत दुपार. गाडी चारी बाजूंनी बंद, पत्र्याची. त्या दारावर तळहात म्हणजे तव्यावरच. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि कोणीतरी वैराळेला बोलावून आणलं.

“आत कोण आहे?” बाबांनी आता त्याला विचारलं.

“कोण असणार? तान्ह्या पोरांच्या दुधाची पावडर आहे.”

“तू पाहिलंस?”

“सील मी स्वतः ठोकलंय.”

“ते नाही विचारलं.”

वैराळेचा पारा चढला. त्यानं हमालांचा मुकादम तुळशीराम याला हाक मारली.

“टोळी सगळी बाहेर आहे ना?”

“आहे की साहेब.” तुळशीरामनं मान फिरवून पाहिलं. “भागवत तेवढा दिसत नाही. घरी गेला असंल. सकाळपासनं अंगात ताप होता त्याच्या.”

“जाताना कोणी पाहिला?” बाबांनी विचारलं.

तुळशीरामनं हमालांकडं पाहिलं. हमालांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं पाहिलं असेल.

“फोन लाव त्याला,” वैराळे म्हणाला.

तुळशीरामनं लावला. फोन वाजला तो गोदामात, भागवतच्या डब्याच्या पिशवीत. एक हमाल ती पिशवीच उचलून घेऊन आला. पिशवीतून फोन वाजत राहिला.

“विसरला असेल,” वैराळे म्हणाला. “तापात माणूस विसरतो.”

मग वैराळेच पुढं झाला आणि त्यानं दारावर मुठी मारल्या. “भागवत... ए भागवत...”

आतून काही नाही. त्यानं पुन्हा मारल्या. पुन्हा काही नाही.

“ऐकलंत? आत कोणी नाही.”

“कोणी बोललं नाही,” बाबा म्हणाले.

“बाबा, हट्ट सोडा. मी त्याच्या घरी माणूस पाठवतो. तोवर गाडी जाऊ द्या. घरी नसला तर वाटेत थांबवू गाडी, बस?”

“तोवर तू आत बसतोस?”

वैराळेनं तापलेल्या पत्र्याकडं पाहिलं. मग तो बाबांच्या अगदी जवळ गेला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. पण आम्ही हातभरावर उभे, ऐकू येतच होतं.

“सील तुटलं तर काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला? लहान पोरांचा माल आहे. सीलचा नंबर कागदावर गेलाय; तो बदलला की माल घेणारी पार्टी आख्खी गाडी परत पाठवते. उद्या मला मॅनेजर केल्याचं पत्र निघायचंय. ते तर जाईलच. वर नोकरीही राहील की नाही...”

“नाही राहायची,” बाबा म्हणाले.

“आणि आत कोणी नसलं तर?”

“तर बरंच झालं.”

“बरं झालं?” वैराळे आता भडकला. “तुम्हाला बोलायला काय जातं? चटई आहे, चहा आहे. घर मला चालवायचंय. एवढी वर्षं रात्रीचा दिवस केलाय मी. एका हमालाला ताप आला म्हणून सगळ्यावर पाणी सोडू?”

खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हालाही त्याचं म्हणणं पटत होतं. भागवत घरी गेला असणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. म्हातारा उगाच ताणतोय असंही दोघं-तिघं पुटपुटले.

“अंकुश, गाडी काढ,” वैराळे ओरडला.

अंकुश वर चढला. इंजिन सुरू झालं. दार थरथरू लागलं, त्यावरचा बाबांचा हातही. त्यांनी तो ना दाबला, ना उचलला. गाडी हातभर पुढं सरकली असती तरी तो आपोआप सुटला असता. अडवायला दुसरं काहीच नव्हतं.

गाडी सरकली नाही. इंजिन बंद झालं. अंकुश खाली उतरला, मागं आला आणि त्यानं वैराळेच्या हातात किल्ली ठेवली.

“तुम्हीच न्या साहेब. मला नाही जमायचं.”

वैराळे हातातल्या किल्लीकडं बघत राहिला. हॉर्न वाजायचे थांबले होते. रांगेतले ड्रायव्हरही खाली उतरून बघायला आले होते.

“बाबा...” तो म्हणाला. “तुम्ही नुसतं सांगा. तो आत आहे, एवढं म्हणा. मी या घडीला तोडतो.”

बाबांनी मान हलवली. नाही.

“मग आत नाही, असं म्हणा.”

बाबांनी पुन्हा मान हलवली. नाही.

वैराळे वळला आणि फाटकाकडं चालू लागला. आम्हाला वाटलं, गेला हा, पोलिसांना बोलावणार. तो आला तेव्हा त्याच्या हातात कटर होता.

सील तुटलं. बाबांनी हात काढला आणि बाजूला झाले. वैराळेनं दोन्ही दारं ओढली. भट्टीचं तोंड उघडावं तशी आतली हवा अंगावर आली.

समोर खोकी. नीट रचलेली, छताखाली हातभर जागा सोडून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“बघा,” वैराळे म्हणाला. “खोकी आहेत. नुसती खोकी. झालं समाधान तुमचं?”

“पुढं?” बाबा म्हणाले.

“पुढंही खोकीच आहेत.”

वैराळेनं त्या रांगेवरून आत पाहिलं. मग इस्त्रीच्या शर्टानिशी वर चढला. माल आणि छत यांच्यामध्ये फट होती, तीत पोटावर पडून सरपटत आत शिरला. खोकी चेपत होती, माल खराब होत होता. त्याचे बूट दिसेनासे झाले.

किती वेळ गेला कोणास ठाऊक.

मग आतून हाक आली. सुपरवायझरची वाटावी अशी ती नव्हती.

“पाणी... पाणी आणा रे... आहे, इथं आहे...”

अगदी पुढच्या टोकाला, शेवटचा थर आणि केबिनकडची भिंत यांच्या सांदीत भागवत दुमडून पडला होता. एक थर कलला होता, तो सरळ करायला बिचारा मालावरून पलीकडं गेला. तिथं डोळ्यांपुढं अंधारी आली. इकडं घाई, दार लागलं.

हमालांनी हातोहात खोकी उतरवली आणि त्याला तकियाच्या सावलीत आणून निजवलं. डोक्यावर पाणी ओतलं, ओठ भिजवले. वैराळे त्याचे तळपाय चोळत होता. शर्ट फाटलेला, कोपरं सोललेली. गाडीचं, सीलचं, पत्राचं त्याला भान नव्हतं.

बऱ्याच वेळानं भागवतनं डोळे उघडले. वैराळेला समोर पाहून तो धडपडत उठायला लागला.

“साहेब... गाडी टायमावर सुटली ना?”

वैराळेला ते सोसलं नाही. तोंडावर दोन्ही हात घेऊन तो मातीतच बसला आणि रडला. एवढा मोठा माणूस, सगळ्या हमालांदेखत.

टेम्पो आला. भागवतला दवाखान्यात नेलं. माणसं पांगली. बाबा माठाजवळ बसून तळहातावर पाणी सोडत होते. हात लालबुंद झाला होता, बोटं मिटत नव्हती.

वैराळे त्यांच्यासमोर येऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं हात जोडले.

“बाबा, तो आत आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठं काय कळलं होतं, बेटा?” बाबा म्हणाले. “कळलं होतं ते तुला. म्हणून तर कटर आणायला तू गेलास.”