चिचीने चेनला खोबरेल घातलं

सायकलच्या चेनला कोणी खोबरेल तेल लावतं का?

चिची चिचुंद्रीने लावलं. थेंबभर नाही, अख्खी बाटली. घळाघळा, घळाघळा!
"डोक्याला चालतं, मग चेनला का नाही?" चिची म्हणाली.

थंडी पडली. खोबरेल गोठलं. सकाळी चेन घट्ट!
आज जत्रेचा शेवटचा दिवस. चिचीला पाळण्यात बसायचं होतं. जत्रा लांब, पाय इवले.

चिची गेली शिंपी पक्ष्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"शिंपीदादा, शिंपीदादा, चिंधी द्या. चेनला खोबरेल घातलं, ते पुसायचं आहे. चेन काही फिरेना."
"डोक्याचं तेल चेनला? शहाणीच आहेस! आधी कापूस आण, मग चिंधी."

चिची गेली कपाशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"कपाशीताई, कपाशीताई, कापूस द्या.
शिंपी चिंधी देईना,
चेन काही फिरेना."
"मला तहान लागली. आधी पाणी आण, मग कापूस."

चिची गेली विहिरीच्या रहाटाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"रहाटदादा, रहाटदादा, पाणी द्या.
कपाशी कापूस देईना,
शिंपी चिंधी देईना,
चेन काही फिरेना."
"कुर्र, कुर्र! मी कोरडा पडलोय. आधी तेल आण, मग पाणी."
"तेल संपलं हो! सगळं चेनवर ओतलं."
"अख्खी बाटली ओतलीस? मला थेंबही ठेवला नाहीस?"


चिची गेली तेलाच्या घाण्यावर, बैलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बैलमामा, बैलमामा, तेल द्या.
रहाट पाणी देईना,
कपाशी कापूस देईना,
शिंपी चिंधी देईना,
चेन काही फिरेना."
"पोट रिकामं, घाणा कसा ओढू? आधी गवत आण, मग तेल."

चिची गेली बांधावर. तुरु... तुरु... पाय दुखले.
गवत काही बोललं नाही. चिचीने दातांनी तोडलं. कुरुम, कुरुम. ऊन कललं.

बैलाने गवत खाल्लं, तेल दिलं.
रहाटाने तेल घेतलं, पाणी दिलं. खळखळ, खळखळ!
कपाशीने पाणी प्यायलं, कापूस दिला.
शिंप्याने कापूस घेतला, चिंधी दिली. वर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला.
"आधी पूस. मग हा थेंब. एकच हं!"

चिचीने चेन पुसली. पुन्हा पुसली. मग एकच थेंब सोडला. टप्!
चेन फिरली. गरगर, गरगर!

पण अंधार पडला होता.
"आता नाही जायचं, बाळा," आई म्हणाली.
चिची खूप रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिची सायकलवरून जत्रेच्या मैदानात गेली, तेव्हा पाळणा निघून गेला होता आणि मातीत त्याच्या खांबांचे खड्डे होते.